लायब्ररी ऑफ काँग्रेसचा युद्धकालीन फोटोसंग्रह: फुकट आहे, पण छपाईला द्यायची तर टिफच उतरवा

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतली साधी माणसं घरी, रस्त्यावर, कारखान्यात, बस स्टँडवर कशी जगत होती हे फोटोतून पाहायचं असेल, तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरचा एफएसए-ओडब्ल्यूआय (फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन आणि ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन या सरकारी खात्यांचा) संग्रह हा सगळ्यात भरवशाचा पत्ता आहे. सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आणि १,६०० हून थोड्या जास्त रंगीत पारदर्शिका (स्लाइड) त्यात आहेत. नोंदणी करावी लागत नाही, पैसे भरावे लागत नाहीत, फोटोवर शिक्का येत नाही. हे परीक्षण शाळा-कॉलेजात, तालुक्याच्या वाचनालयात किंवा फोटो क्लबात प्रदर्शन लावू पाहणाऱ्यांसाठी आहे. छपाई संभाजीनगर, नांदेड, लातूर किंवा परभणीत होणार हे धरून चाललो आहोत. सेवेला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण शोधण्याच्या त्रासाचा कापला आहे.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. या संग्रहातले सगळे फोटो युद्धकाळातले नाहीत. काम १९३५ साली एका सरकारी खात्यात सुरू झालं ते मंदी आणि दुष्काळाने मोडलेल्या शेतकऱ्यांची अवस्था दाखवण्यासाठी. १९३७ पासून हे खातं फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या नावाने चाललं, १९४२ मध्ये फोटो विभाग ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशनकडे गेला आणि १९४४ मध्ये सगळा साठा लायब्ररीकडे आला. अमेरिका युद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणून 'युद्धकाळातली आई' असं लिहून फिरवला जाणारा डोरोथिया लँग यांचा तो प्रसिद्ध फोटो, कपाळाला आठ्या आणि दोन्ही खांद्यांना बिलगलेली मुलं, तो युद्धाचा नाहीच. तो मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणा तोडायला आलेल्या मजुरांच्या तळावर काढलेला आहे. प्रदर्शनात तो लावलात तर जाणकार पाहुणा पहिल्याच पॅनलपाशी थांबेल. शोधताना तारीख १९४२ ते १९४४ अशी आखून घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

दुसरी गोष्ट, हे सरकारी फोटो आहेत. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी १९४२ च्या सुरुवातीला आपल्या छायाचित्रकारांना कळवलं होतं की आता देशावर विश्वास असलेली, उमेदीची माणसं टिपा, खचलेले म्हातारे चेहरे आपल्याकडे फार झाले. त्यामुळे त्या वर्षानंतरचे बरेच फोटो उजळ, ठेवणीतले आणि प्रचाराला सोयीचे दिसतात. ते खोटे नाहीत, पण कुणी आणि कशासाठी काढले हे पॅनलवर लिहिल्याशिवाय लावू नयेत.

आता शोधण्याबद्दल. पेटीत इंग्रजीच टाइप करावं लागतं आणि शब्द त्या काळचेच लागतात. रेशनिंग, स्क्रॅप (भंगार), व्हिक्टरी गार्डन (युद्धकाळात घरोघरी लावलेली भाजीची बाग), वॉर बाँड (युद्धखर्चाचे सरकारी रोखे) हे शब्द चालतात. कृष्णवर्णीय माणसांचे फोटो मात्र आजचा सभ्य शब्द टाकून नीट सापडत नाहीत, कारण फोटोखालच्या मूळ ओळींत तेव्हाचे 'निग्रो' आणि 'कलर्ड' हेच शब्द आहेत. शोधताना ते वापरा, मराठी पॅनलवर 'कृष्णवर्णीय' लिहा, मूळ ओळ मात्र बदलू नका. गावाच्या नावाने शोधणार असाल तर काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नावही सोबत टाका, एकाच नावाची गावं तिथे राज्याराज्यांत आहेत.

'अनटायटल्ड' लिहिलेल्या हजारो नोंदी पाहून बरेच जण पुढे सरकतात. ती चूक करू नका. ज्या निगेटिव्हची तेव्हा प्रत काढली गेली नाही, तिला ओळ लिहिली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या कॉल नंबरच्या (लायब्ररीने दिलेल्या क्रमांकाच्या) आगेमागचे चार-पाच क्रमांक उघडा. बहुतेक वेळा तीच खोली, तीच माणसं दिसतात आणि एकाखाली तरी पूर्ण ओळ मिळते. मात्र शेजारच्या क्रमांकाची ओळ उचलून बिनओळीच्या फोटोला चिकटवू नका. कपडे, खिडकी, मागची पाटी जुळते का ते डोळ्यांनी पाहा आणि मग 'बहुधा त्याच ठिकाणी' असं लिहा. काही निगेटिव्हवर भलत्याच जागी काळा गोल ठिपका दिसेल, कधी आकाशात, कधी थेट चेहऱ्यावर. तो स्कॅनिंगचा दोष नाही. सुरुवातीच्या वर्षांत स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला पंचने भोक पाडायचे, त्याची ती खूण आहे. छपाईच्या दुकानातला मुलगा ती हौसेने भरून देईल, त्याला आधीच सांगून ठेवा.

नोंदीत 'लॉट' क्रमांक दिसला तर त्यावर जरूर जा. एका छायाचित्रकाराने एका कामगिरीवर काढलेले फोटो तिथे एकत्र लावलेले आहेत. सुटा फोटो घेतला की तो शोभेचा होतो, लॉट पाहिला की त्याच्यामागचा दिवस कळतो. नकाशावरून शोधायचं असेल तर येल विद्यापीठात तयार झालेलं फोटोग्रामर सोपं पडतं. काउंटीवर बोट ठेवलं की तिथले फोटो येतात, छायाचित्रकारानुसारही पाहता येतं. तिथे फक्त निवड करा, फाइल लायब्ररीच्या पानावरूनच उतरवा.

फाइल निवडताना सगळ्यात जास्त चुका होतात. प्रत्येक फोटोच्या तीन-चार फाइली असतात आणि नावाच्या शेवटच्या अक्षरावरून त्या ओळखता येतात. टी म्हणजे अंगठ्याएवढा नमुना, आर म्हणजे लहान जेपेग, व्ही म्हणजे मोठा जेपेग, यू म्हणजे मूळ टिफ, पूर्ण आकाराची, न दाबलेली फाइल. व्हॉट्सॲपवर फिरतो तो बहुतेक व्ही, तोही पुन्हा दाबून लहान झालेला. लांब बाजू १,०२४ पिक्सेलची असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साडेतीन इंचही भरत नाही. बारा इंचाला ताणला की चेहरे मेणासारखे होतात आणि मागच्या दुकानाची पाटी वाचता येत नाही. या फोटोंत पाटी वाचता येणं हीच तर निम्मी गंमत आहे. ८ बाय १० इंचाला २,४०० बाय ३,००० पिक्सेल हवेत, १२ बाय १८ ला ३,६०० बाय ५,४००. भिंतीवर हातभर अंतरावरून पाहायचं असेल तर २०० डीपीआय चालतं, म्हणजे १२ बाय १८ ला २,४०० बाय ३,६०० पुरतात. यापेक्षा लहान फाइल असेल तर फोटो छोटाच छापा, सुंदर दिसतो.

टिफचा आकार पानावरच लिहिलेला असतो. कृष्णधवल फाइली बऱ्यापैकी आटोपशीर असतात, मोठ्या पारदर्शिकांच्या रंगीत टिफ मात्र शंभर एमबीच्याही पलीकडे जाऊ शकतात. मोबाइल डेटावर त्या अर्ध्यात तुटतात, आणि तुटलेली टिफ कधी कधी उघडते पण खालचा भाग करडा येतो. उतरवल्यावर पानावरचा आकार आणि तुमच्याकडच्या फाइलचा आकार ताडून पाहा. वीज जाणार असेल त्या वेळी कॉलेजच्या संगणकावर मोठं डाउनलोड लावू नका. फोनवर बऱ्याचदा टिफ उघडत नाही, फाइल खराब झाली असं समजून ती पुसू नका. संगणकावर गिंप किंवा इरफानव्ह्यू या फोटोच्या प्रोग्रामांपैकी एकात उघडा. नोंदीत 'ओरिजिनल निगेटिव्हवरून डिजिटल फाइल' असं असेल ती घ्या. एलसी-यूएसझेड६२ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे प्रतीवरून पुन्हा काढलेली निगेटिव्ह, तिच्यात सावल्या बुजलेल्या असतात. दुसरा मार्ग नसेल तरच ती वापरा.

हक्कांबाबत: सरकारी छायाचित्रकारांनी काढलेल्या या फोटोंवर प्रकाशनाची ज्ञात बंधनं नाहीत, असं लायब्ररी स्वतः नोंदवते. संग्रहात बाहेरून आलेले थोडे फोटोही आहेत, म्हणून प्रत्येक नोंदीतली हक्कांची ओळ वाचा. पॅनलखाली छायाचित्रकाराचं नाव, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रिंट्स अँड फोटोग्राफ्स विभागाचं नाव आणि नोंदीतला पुनर्मुद्रण क्रमांक (एलसी-ने सुरू होणारा) द्यावा. क्रमांक दिला की पाहणारा घरी जाऊन तोच फोटो उघडू शकतो. प्रदर्शनाचा खरा उपयोग तिथून सुरू होतो.

काय निवडावं? इथे थोडं रेंगाळू.

रंगीत फोटोंत बहुतेकांची नजर आधी आल्फ्रेड पामर यांच्या विमान कारखान्यातल्या मुलींवर जाते. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये लाँग बीचच्या डग्लस कारखान्यात काढलेले हे फोटो झळझळीत आहेत, कोडाक्रोम फिल्म असल्याने रंग आजही उतरलेले नाहीत. पण दिवे लावून, पोझ देऊन घेतलेले आहेत हे केस आणि लिपस्टिक पाहिल्यावर लगेच कळतं. एखादा लावा, पाच लावू नका. त्यांच्या शेजारी जॅक डेलानो यांचा एप्रिल १९४३ चा फोटो लावा. आयोवा राज्यातल्या क्लिंटन गावची शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची इंजिन शेड, तिथे इंजिनं पुसायला लागलेल्या बायका विश्रांतीच्या खोलीत जेवायला बसल्या आहेत. डोक्याला रुमाल, अंगात कामाचे कपडे, लाकडी टेबल, पुढ्यात डबा. रोज वाफेच्या इंजिनावरचं तेल आणि काजळी पुसणं हे त्यांचं काम. पुरुष सैन्यात गेले म्हणून ते त्यांच्याकडे आलं. पूर्णा, परळी, परभणीकडच्या रेल्वे वस्तीत वाढलेल्या माणसाला या फोटोतलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. संग्रहातला सर्वांत चांगला रंगीत फोटो कोणता, तर हा.

रेशनचे फोटो आपल्याकडे हमखास लागू पडतात, कारण रांग आणि कार्ड सगळ्यांना ठाऊक आहे. पण कारण सांगितलं नाही तर 'तिकडेही रेशन होतं तर' एवढ्यावरच पाहणारा पुढे जातो. मे १९४२ मध्ये साखरेपासून सुरुवात झाली आणि पहिल्या रेशन वहीची (कूपनांच्या पुस्तिकेची) नोंदणी शाळांमधून, शिक्षकांच्या हातून झाली. मार्च १९४३ पासून डबाबंद पदार्थांना गुण लागू झाले. माणशी महिन्याला ४८ निळे गुण, पैसे वेगळे द्यायचे आणि गुणांचे कूपनही वेगळे. कथील आणि डबे सैन्याला हवे होते म्हणून. पेट्रोलवर बंधन आलं त्यामागेही पेट्रोलपेक्षा रबराची चिंता मोठी होती: मलाया आणि ईस्ट इंडीज जपानने घेतल्यावर टायरचं रबर यायचं बंद झालं, म्हणून गाड्याच कमी फिराव्यात. पामर यांचाच फेब्रुवारी १९४३ चा एक फोटो यासाठी नेमका आहे. एक शाळकरी मुलगा दुसरी रेशन वही घेऊन किराणा दुकानाच्या काउंटरशी उभा आहे. मूळ ओळ सांगते की आईवडील युद्धाच्या कामावर असल्याने मुलांना गुणांचा हिशेब शिकवला जात होता. हाही मांडून घेतलेला फोटो आहे, पण त्याखाली ४८ गुणांचं गणित लिहिलंत तर आठवीची मुलं तिथून हलणार नाहीत.

एस्थर बबली यांची १९४३ ची बसयात्रा लॉटसकट पाहावी. ग्रेहाउंड बसच्या स्टँडवर ताटकळलेली माणसं, गाठोडी, झोपलेले सैनिक, तिकिटाची रांग. मग जॉर्जियातल्या रोम गावच्या स्टँडवर, सप्टेंबर १९४३ मध्ये टिपलेली कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या प्रतीक्षालयाची पाटी. जातीने वेगळा पाणवठा काय असतो हे ज्या मुलखाने पाहिलं आहे, तिथे या पाटीला लांबलचक मजकूर नको. तारीख आणि गाव पुरे.

गॉर्डन पार्क्स यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये काढलेला, सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन यांचा फोटो सगळेच लावतात: मागे उभा टांगलेला राष्ट्रध्वज, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला पोछा, ठिपक्यांचा झगा, थेट समोर पाहणारा चेहरा. तो एकटा लावला की घोषणेसारखा वाटतो. त्याच मालिकेत वॉटसन यांचं घर, नातवंडं, देवघर, रात्री रिकाम्या सरकारी कचेरीत झाडलोट, सगळं आहे. मूळ ओळीत त्यांचा पगार वर्षाला १,०८० डॉलर दिला आहे. ध्वजाचा फोटो मध्ये आणि मालिकेतले निदान चार बाजूला, असा एकच मोठा पॅनल करा.

जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाने घरं सोडून छावण्यांत जावं लागलं, तो भाग वगळलेलं युद्धकाळाचं प्रदर्शन अपुरं राहील. या संग्रहात रसेल ली यांचे लॉस एंजेलिस आणि ओरेगॉनमधले १९४२ चे फोटो आहेत. लँग यांनी या विषयावर काढलेले फोटो मात्र मुख्यतः नॅशनल आर्काइव्ह्जकडे आहेत, इथे शोधत बसू नका. अँसेल ॲडम्स यांचे मांझनार छावणीचे फोटो लायब्ररीतच, पण वेगळ्या संग्रहात आहेत.

कापसाचे फोटोही चिकार सापडतील, मिसिसिपीत मेरियन पोस्ट वॉलकॉट यांचे, जॉर्जियात डेलानो यांचे. आपल्या कापूसपट्ट्यात ते आवडणारच. पण त्यातले बहुतेक १९३९ ते १९४१ चे, म्हणजे युद्धात उतरण्यापूर्वीचे. लावायचे तर 'युद्धाआधी' असा वेगळा कोपरा करा.

छपाई. फ्लेक्स नको. गेटवरच्या फलकाला ठीक आहे, पण फ्लेक्सवर काळा रंग राखाडी होतो, उजेड चमकतो आणि निगेटिव्हचे बारीक तपशील जाळीत हरवतात. दोन पर्याय चांगले. पहिला, कलर लॅबमध्ये मॅट फोटो पेपर. दुसरा, व्हिनाइलवर छापून मॅट लॅमिनेशन करून ५ मिलिमीटर सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पाटीवर) चिकटवणं. भाव विचारताना लॅबमध्ये प्रतीमागे आणि सनबोर्डवाल्याकडे चौरस फुटामागे सांगतात, तुलना करण्याआधी दोन्ही एका मापात आणा आणि लॅमिनेशन धरून आहे का ते विचारा.

उतरवलेली टिफ लॅबला तशीच देऊ नका. तिच्यावरून ८ बिट, एसआरजीबी (नेहमीची रंगव्यवस्था), दर्जा ९५ च्या आसपासचं जेपेग करून पेनड्राइव्हवर द्या. व्हॉट्सॲपवर पाठवली की सगळी मेहनत पाण्यात जाते. ग्रेस्केल फाइल आरजीबी करून द्या, नाहीतर काही मशिनी ती चुकीची वाचतात. रंगीत कागदावर कृष्णधवल छापताना हिरवट किंवा जांभळट झाक येणं ही सगळ्यात नेहमीची तक्रार. म्हणून चोवीस फोटो एकदम न देता आधी एकाची ४ बाय ६ ची चाचणी प्रत काढा आणि ती ट्यूबलाइटखाली नव्हे, दारात दिवसाच्या उजेडात पाहा. 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' हे तोंडी सांगून भागत नाही, ऑर्डरच्या कागदावर लिहा. ते चालू राहिलं तर काजळलेली शेड आणि धुकट सकाळ दोन्ही सारख्याच उजळ होऊन येतात.

कापाकापीचं गणित आधी करा. ४ बाय ५ इंची निगेटिव्ह ८ बाय १० किंवा १६ बाय २० ला तंतोतंत बसते. ३५ मिलिमीटरची १२ बाय १८ ला बसते. सव्वातीन बाय सव्वाचार इंची निगेटिव्ह १२ बाय १६ ला अगदी किंचित कापून जाते. ४ बाय ५ चा फोटो १२ बाय १८ वर भरून मागितलात तर उभ्या फोटोत दोन्ही बाजू मिळून सहावा हिस्सा गेला, आणि वॉटसन यांच्या फोटोतला झाडू किंवा पोछा यांपैकी एक तरी अर्धवट राहणार. कागद मोठा असेल तर पांढरी किनार सोडायला सांगा.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही फोटोंना छळतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या हॉलमध्ये सनबोर्ड वाकतो आणि व्हिनाइलखाली फुगे येतात. बंद टेंपोत दुपारभर ठेवलेले पॅनल उतरवताना हे हमखास दिसतं. फोम टेप भिंतीवरून सुटते, त्याऐवजी मागे दोन भोकं पाडून दोरीने टांगा. काचेची फ्रेम करणार असाल तर फोटो काचेला टेकू देऊ नका, मध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घ्या. पावसाळ्यात दमट हवेने प्रत काचेला चिकटते आणि सोडवताना वरचा थर निघतो. मागे नुसतं हार्डबोर्ड असेल तर कडेने कसर शिरते, कडा कागदी टेपने बंद करून घ्या.

टांगताना फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर, शाळेत १२५-१३० वर. मराठी मजकूर निदान २४ पॉइंटमध्ये, फोटोची तारीख आणि ठिकाण पहिल्या ओळीतच. पॅनल नांदेडहून किनवट-माहूरकडे न्यायचे असतील तर तोंडाला तोंड लावून, मध्ये बटर पेपर घालून, उभे बांधा. आडवे रचले की तळच्या पॅनलवर वरच्या कोपऱ्यांचे व्रण उठतात, आणि ते लॅमिनेशनवरून पुसले जात नाहीत.